जगाच्या चोवीस टक्क्यांची दंतकथा

दर पंधरा ऑगस्टला एक आलेख आपल्या पडद्यावर न चुकता अवतरतो. रंगीत पट्टे, तळाशी सनांची रांग आणि त्यांत भारताचा भगवा पट्टा: इसवी सन १ मध्ये जगाच्या उत्पन्नाचा जवळजवळ एक तृतीयांश, १७०० मध्ये २४.४ टक्के, १९५० मध्ये अवघा ४.२ टक्के. वर मथळा असतो, ‘इंग्रजांनी काय लुटले ते पाहा.’

गेल्या महिन्यात आमच्या एका चर्चासत्रात एका सहाध्यायाने हाच आलेख भिंतीवर झळकवला. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. घरी येऊन मूळ तक्ता उघडला आणि त्या टाळ्यांची लाज वाटली. हा धागा त्या लाजेतून आलेला आहे, त्यामुळे थोडा तिखट होईल.

माझे म्हणणे आरंभीच मांडतो. इंग्रजी राजवटीने या देशाचे आर्थिक शोषण केले, याविषयी मला शंका नाही. परंतु हा आलेख ते शोषण सिद्ध करत नाही. आणि या दिखाऊ पुराव्याच्या नादी लागून, आपल्याच पूर्वसूरींनी कष्टाने उभा केलेला खरा पुरावा आपण अडगळीत टाकला आहे.

आकडे आहेत अँगस मॅडिसन या ब्रिटिश अर्थेतिहासकाराचे. २००१ साली ओईसीडीने त्यांचा जगाच्या अर्थव्यवस्थेचा सहस्रकभराचा आढावा प्रसिद्ध केला. मॅडिसन विद्वान होते, प्रामाणिकही होते. आपली गृहीतके त्यांनी लपवली नाहीत. ती वाचण्याची तसदी आपण घेतली नाही, एवढेच.

आता इसवी सन १ चा तो एक तृतीयांश कसा आला ते पाहू. सातवाहनकाळातील भारताचे राष्ट्रीय उत्पन्न कोणी मोजले होते? कोणीच नाही. ही संकल्पनाच मुळी कितीतरी नंतरची. मॅडिसन यांनी भारताची लोकसंख्या ७.५ कोटी धरली आणि दरडोई उत्पन्न ४५० डॉलर धरले (हे १९९० च्या क्रयशक्तीचे कल्पित आंतरराष्ट्रीय डॉलर). केवळ जीव जगवण्यापुरते उत्पन्न त्यांच्या हिशेबी ४०० डॉलर. म्हणजे भारत निर्वाहरेषेच्या किंचित वर. पण त्या काळी जगातले बहुतेक सगळेच देश त्यांनी तेथेच ठेवले आहेत. जगाची सरासरी ४४४ डॉलर येते.

सगळ्यांचे दरडोई उत्पन्न जवळपास सारखे धरल्यावर उत्पन्नातला वाटा म्हणजे दुसरे काय उरते? लोकसंख्येतला वाटा! त्यांच्याच तक्त्यात जगाची लोकसंख्या सुमारे २३.१ कोटी आहे. ७.५ कोटी म्हणजे तिचे ३२.५ टक्के. उत्पन्नातला वाटा ३२.९ टक्के. ज्याला आपण सुवर्णयुगाचा दाखला समजून मिरवतो, ती वस्तुतः जुन्या काळची अंदाजी शिरगणती आहे. डोकी मोजली आणि तिजोरी मोजल्याचा आनंद साजरा केला.

१७०० कडे या. लोकसंख्या १६.५ कोटी, दरडोई ५५० डॉलर, एकूण ९,०७५ कोटी डॉलर, जगाच्या २४.४ टक्के. आता १५०० ची ओळ पाहा. तेथेही दरडोई ५५०! या दोन सनांच्या मध्ये बाबर आला, तालिकोटच्या रणांगणावर विजयनगर कोसळले, १६३० ते ३२ च्या दुष्काळाने गुजरात व दख्खन ओस पडले, अमेरिकेतली चांदी सुरतेच्या धक्क्यावर उतरली, रायगडावर राज्याभिषेक झाला. आणि या तक्त्यातला भारतीय माणूस दोनशे वर्षांत एका डॉलरनेही हलला नाही. हे मोजमाप नव्हे. मोजमाप हाताशी नसताना रिकामा रकाना भरण्याची ती सोय आहे. मॅडिसन यांना ते ठाऊक होते. आलेख पुढे ढकलणाऱ्यांना नसते.

त्याच ओळीत शेजारच्या ब्रिटनचे दरडोई उत्पन्न १,२५० डॉलर आहे, आपल्या दुपटीहून अधिक. हा रकाना भिंतीवर कोणी झळकवत नाही. एकाच तक्त्यातला एक रकाना वेदवाक्य आणि दुसरा अदृश्य, हा न्याय इतिहासाच्या विद्यार्थ्याला शोभत नाही.

आणि १९५० च्या त्या ४.२ टक्क्यांचे रहस्य? १७०० चा ‘भारत’ अखंड आहे. १९५० चा भारत फाळणीनंतरचा, ३५.९ कोटी लोकांचा. पाकिस्तान व आजचा बांगलादेश तेथे वेगळ्या ओळींत गेले आहेत. ते मिळवले तर आकडा पाचाच्या आसपास पोहोचतो. फरक लहान आहे, मान्य. पण ज्या आलेखात देशाची सीमाच मध्ये बदलते आणि त्याची तळटीपही नसते, त्यावर आरोपपत्र बेतायचे?

मुख्य घोटाळा मात्र ‘वाटा’ या शब्दात आहे. १७०० ते १९१३ या काळात, मॅडिसन यांच्याच हिशेबाने, भारताचा वाटा २४.४ वरून सुमारे साडेसात टक्क्यांवर आला. पण एकूण उत्पन्न ९,०७५ कोटींवरून २०,४०० कोटींवर गेले, म्हणजे दुपटीने वाढले. वाटा घटला तो मुख्यतः इतरांचे ताट मोठे झाल्यामुळे. ‘चोवीस होते, ते पळवून चार ठेवले’ असे सांगणाऱ्याला एखादा सावध विरोधक हे एकच गणित दाखवील, आणि मग साम्राज्याचे भाट म्हणतील, पाहा, लूट झालीच नाही. दुबळा पुरावा पुढे करणारा वकील आपल्याच अशिलाला बुडवतो.

दरडोई आकडा पाहिला तर मात्र चित्र गंभीर होते. २१३ वर्षांत भारत ५५० वरून ६७३ वर. ब्रिटन १,२५० वरून ४,९२१ वर. येथे प्रश्न ‘काय नेले’ एवढाच राहत नाही. ‘काय वाढू दिले नाही’ हाही होतो, आणि तो अधिक भेदक आहे. २०१५ साली ब्रॉडबेरी, कस्टोडिस आणि बिश्नुप्रिया गुप्ता यांनी नवा हिशेब मांडला. १६०० मध्ये भारताचे दरडोई उत्पन्न ब्रिटनच्या ६० टक्क्यांहून अधिक. १८७१ मध्ये १५ टक्क्यांहून कमी. त्यांच्या मते घसरण सतराव्या शतकातच सुरू झाली होती, प्लासीच्या कितीतरी आधी. हे पचायला जड आहे. मलाही गेले. पण इतिहास आपल्या पचनशक्तीकडे पाहून घडत नसतो.

(जाता जाता: आज ‘जगातील पहिल्या पाच अर्थव्यवस्थांत भारत’ हे वाचून जी छाती फुगते, तिचाही रकाना तोच, एकूण बेरजेचा. दरडोई यादीत आपण शंभराच्याही खाली आहोत. लोकसंख्येला समृद्धी म्हणण्याची सवय जुनी आहे.)

दुसरा लाडका आकडा ४५ लाख कोटी डॉलरचा. उत्सा पटनायक यांनी १७६५ ते १९३८ या काळातील निःसारणाचा अंदाज घेऊन त्यावर ५ टक्के दराने चक्रवाढ व्याज आकारले. त्या दराने एका पौंडाचे अडीचशे वर्षांत जवळजवळ दोन लाख पौंड होतात. पटनायक यांची मूळ मांडणी, म्हणजे निर्यातीची कमाई भारताला मिळतच नव्हती हा मुद्दा, मोलाची आहे. परंतु समाजमाध्यमांवर मुद्दा गळतो आणि व्याज तेवढे उरते.

तो मूळ मुद्दा पहिल्यांदा आकड्यांच्या पायावर भक्कम उभा केला तो आपल्या मुंबईत, एल्फिन्स्टनमध्ये गणित शिकवणाऱ्या एका प्राध्यापकाने. दादाभाई नौरोजींचे नाव आपण शाळेत एका ओळीत उरकतो: ‘ड्रेन थिअरी मांडली.’ ती कशी मांडली हे फारसे कोणी सांगत नाही. त्यांनी सरकारचेच व्यापारी तक्ते घेतले आणि देशोदेशींचे आयात-निर्यातीचे आकडे शेजारी शेजारी ठेवून वाचले.

त्या तक्त्यांत भारताची निर्यात आयातीहून वर्षानुवर्षे जास्त होती. पाठ्यपुस्तकी अर्थशास्त्र याला ‘अनुकूल व्यापारशेष’ म्हणते, आणि पार्लमेंटपुढे दरवर्षी ठेवल्या जाणाऱ्या भारताच्या ‘नैतिक व भौतिक प्रगती’च्या अहवालात वाढता व्यापार प्रगतीची खूण म्हणूनच मिरवत असे. दादाभाईंनी विचारले: मग इंग्लंडचे काय? जगातला सर्वांत धनाढ्य देश, आणि त्याची आयात निर्यातीहून जास्त! तो बुडत होता काय? मुळीच नाही. विकलेल्या मालाची किंमत, तिच्यावरचा नफा, जहाजांचे भाडे आणि परदेशी गुंतवणुकीवरचे व्याज हे सारे मालाच्या रूपाने घरी परतत होते, म्हणून आयात फुगलेली दिसे. जो देश विकतो अधिक आणि त्या बदल्यात परत कमी मिळवतो, त्याचे उरलेले कोठे जाते? शिल्लक तीच, एकाच्या वहीत कमाई, दुसऱ्याच्या वहीत खंडणी. देशांची तुलना कशी करावी याचा याहून उत्तम धडा मला तरी ठाऊक नाही.

ती शिल्लक जाई कोठे, याची यंत्रणा समजून घ्या. सगळी गोम येथे आहे. वऱ्हाडचा कापूस युरोपात गेला. तिकडच्या खरेदीदाराने पौंड मोजले. पण ते पौंड भारतात आलेच नाहीत. लंडनमध्ये भारतमंत्री ‘काउन्सिल बिले’ नावाच्या हुंड्या विकत असे. खरेदीदार पौंड देऊन हुंडी घेई, ती मुंबई-कलकत्त्याला पाठवी, आणि येथील सरकारी तिजोरीतून तिचे रुपये वटत. त्या रुपयांतून कापसाचे पैसे चुकते होत. तिजोरीत रुपये कोणाचे? शेतसारा आणि मिठावरचा कर भरणाऱ्या रयतेचे. म्हणजे शेतकऱ्याच्या कापसाची किंमत शेतकऱ्याच्याच करातून भागवली गेली, आणि कापसाने कमावलेले पौंड लंडनमध्ये राहिले.

त्या पौंडांतून ‘होम चार्जेस’ भागत. विसाव्या शतकाच्या आरंभी ते वर्षाला सुमारे १.७ कोटी पौंड होते: रेल्वेच्या भांडवलावरचे व्याज, निवृत्त अधिकाऱ्यांची पेन्शने, लष्करी खर्च, सामानाची खरेदी आणि लंडनमधील इंडिया ऑफिसचा खर्च. भारतमंत्र्याचा पगारदेखील १९१९ च्या कायद्यापर्यंत भारतीय महसुलातून जात होता. हुकूम सोडणाऱ्याचे वेतन हुकूम पाळणाऱ्याने द्यायचे!

यातला प्रत्येक पौंड लुटीचा होता काय? न्यायमूर्ती रानड्यांना तसे वाटत नव्हते. १८९० च्या पुण्यातील औद्योगिक परिषदेत त्यांनी सांगितले की यातला काही भाग उसन्या भांडवलावरचे व्याज आहे, त्याबद्दल तक्रार करता येणार नाही; खरे दुखणे उद्योगांच्या अभावात आहे. दादाभाई आणि रानडे एकमेकांचे आदर राखणारे, तरीही येथे दोघांचा कल वेगळा. आपल्या धाग्यांत असा मतभेद दिसला की लगेच एकाला देशद्रोही ठरवले जाते.

आता दादाभाईंच्या कामातला माझा सर्वांत आवडता भाग. १८७६ च्या त्यांच्या ‘पॉव्हर्टी ऑफ इंडिया’ या निबंधात त्यांनी ब्रिटिश हिंदुस्थानचे दरडोई वार्षिक उत्पन्न २० रुपये काढले. त्यासाठी प्रांतोप्रांतीचे सरकारी अहवाल चाळताना त्यांच्या ध्यानात आले की अधिकाऱ्यांना साधी सरासरीही काढता येत नव्हती. ते जिल्ह्यांचे आकडे नुसते बेरजेला घेत आणि जिल्ह्यांच्या संख्येने भागत. समजा, एका जिल्ह्यात एक लाख एकर आणि एकरी दहा मण पीक. दुसऱ्यात एक हजार एकर आणि एकरी तीस मण. साहेबांची सरासरी वीस मण. खरी सरासरी दहाहून किंचित जास्त. कागदावर पीक दुप्पट झाले, रयत उपाशीच राहिली. दादाभाईंनी हे ठिकठिकाणी दाखवून प्रत्येक हिशेब पुन्हा केला, हाताने, क्षेत्रफळाचे वजन लावून. मग ते दरडोई उत्पन्न तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्रावर सरकार करत असलेल्या खर्चाशेजारी ठेवले. कैद्याचा आकडा मोठा निघाला.

सरकारला उत्तर द्यावे लागले. १८८२ मध्ये बेअरिंग व बार्बर यांनी २७ रुपये सांगितले. १९०१ मध्ये कर्झनने ३०. वाद चालत राहिला, पण एक गोष्ट घडून गेली होती: राज्यकर्त्यांना आपली राजवट आकड्यांत सिद्ध करणे भाग पडले होते.

हीच परंपरा पुण्यात सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकातून चालली. गणेश व्यंकटेश जोशी नावाचे शाळामास्तर अंदाजपत्रके आणि महसुली अहवाल यांची अक्षरशः चिरफाड करत. गोपाळ कृष्ण गोखले १८९७ मध्ये लंडनला वेल्बी कमिशनपुढे साक्षीला उभे राहिले, तेव्हा त्यांच्या आकडेवारीमागे जोशींची मेहनत होती. जोशींचे नाव यातल्या किती जणांनी ऐकले आहे?

२६ मार्च १९०२. कलकत्त्याचे वरिष्ठ विधिमंडळ. सरकारने लागोपाठ चौथ्या वर्षी शिलकी अंदाजपत्रक मांडले होते आणि सभागृहात अभिनंदनाचा सूर होता. गोखल्यांचे ते तेथील पहिलेच अर्थसंकल्पीय भाषण. त्यांनी अभिनंदन करायला नकार दिला. शिल्लक आली कोठून ते त्यांनी उलगडून दाखवले: रुपया घसरत होता तेव्हा वाढत्या होम चार्जेसच्या नावाने कर वाढवले, पुढे रुपया तेरा पेन्सांच्या आसपासून सोळा पेन्सांवर आला, लंडनची देणी रुपयांत हलकी झाली, पण कर तसेच ठेवले. तिजोरी भरली ती रयत सुखी झाली म्हणून नव्हे. मध्ये १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भीषण दुष्काळ पडून गेले होते, आणि त्या काळातही मिठावर मणाला अडीच रुपये कर चालूच होता.

पुढच्या वर्षी, १९०३ मध्ये, तो कर मणामागे आठ आण्यांनी उतरला.