चहाच्या मळ्यातील चित्रशाळा

चित्रपट म्हटला की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे मुंबई, मद्रास किंवा कलकत्ता ही शहरे येतात. भव्य स्टुडिओ, धनिक निर्माते आणि तयार वितरक यांच्यावाचून चित्रपट निघावयाचा नाही, असाच आपला समज असतो. परंतु ज्या प्रांतात स्टुडिओ नाही, यंत्रे नाहीत, तंत्रज्ञ नाहीत, अशा ठिकाणी एखाद्याने आपल्या मातृभाषेत बोलपट काढावयाचे ठरविले, तर त्याने करावे काय? या प्रश्नाचे उत्तर ज्यांनी स्वतःच्या पदरमोडीने दिले, त्या आसामच्या ज्योतिप्रसाद आगरवाला यांची ओळख आज आपणांस करून द्यावयाची आहे.

ज्योतिप्रसादांचा जन्म १९०३ साली दिब्रुगड जिल्ह्यातील तामुलबारी चहामळ्यात झाला. त्यांचे पूर्वज राजस्थानातून व्यापारासाठी आसामात आले आणि तेथलेच झाले. असमिया भाषा या घराण्याने इतकी आपलीशी केली की, पुढे ज्योतिप्रसाद त्या भाषेचे कवी, नाटककार व संगीतकार म्हणून मान्यता पावले. आपला प्रांत सोडून परप्रांतात संसार मांडलेल्या आमच्या अनेक वाचकांना या गोष्टीचे मोल निराळे सांगावयास नको. उच्च शिक्षणासाठी ते एडिंबरोला गेले. परंतु पदवीपेक्षा त्यांचे मन कलेत अधिक रमले. परतण्यापूर्वी काही महिने त्यांनी बर्लिनच्या प्रसिद्ध ऊफा स्टुडिओत राहून चित्रपटाचे तंत्र पाहून घेतले.

मायदेशी आल्यावर स्वातंत्र्यलढ्यात त्यांना तुरुंगवास घडला, पण चित्रपटाचा ध्यास सुटला नाही. कथानक त्यांनी निवडले ते आसामच्या इतिहासातील. सतराव्या शतकात आहोम राजाच्या माणसांनी राजपुत्र गदापाणीचा ठावठिकाणा काढण्यासाठी त्याच्या पत्नीचा, जयमतीचा, अमानुष छळ केला. तिने प्राण दिले, पण तोंडातून शब्द काढला नाही. पुढे गदापाणी राजा झाला आणि त्यांचा पुत्र रुद्रसिंह याने आईच्या स्मरणार्थ जयसागर हा विस्तीर्ण तलाव बांधविला. लक्ष्मीनाथ बेझबरुआ यांनी या कथेवर नाटक लिहिले होते. त्याचाच आधार ज्योतिप्रसादांनी घेतला. शस्त्र न उचलता अन्यायापुढे अढळ राहणारी ही स्त्री सत्याग्रहाच्या त्या काळात प्रेक्षकांना किती जवळची वाटली असेल, याची कल्पना आपणच करावी.

आता स्टुडिओचा प्रश्न. तो त्यांनी घरच्याच भोलागुडी चहामळ्यात सोडविला. १९३३ साली तेथे उघड्या आकाशाखाली रंगमंच बांधला गेला. जवळच फिल्म धुण्याची प्रयोगशाळा आणि तालमीची जागा झाली. या चित्रशाळेला त्यांनी ‘चित्रबन’ असे सुंदर नाव दिले. प्रभात कंपनी कोल्हापूरहून पुण्यास आली ती याच साली. परंतु प्रभातपाशी हाताखाली तयार झालेली माणसे होती, चित्रबनात सर्वच नवखे. चित्रीकरण सूर्यप्रकाशावर अवलंबून, आणि आसामचा पाऊस तर प्रसिद्धच! ऊन पडेना तेव्हा मुगा रेशमाच्या चकाकत्या वस्त्रांवरून प्रकाश परावर्तित करून काम भागविले, असे सांगतात. लेखन, दिग्दर्शन, संगीत, संकलन यांचा भार ज्योतिप्रसादांनी स्वतःच उचलला.

चित्रपट पुरा झाला आणि संकलनाच्या वेळी लाहोरला कळले की, जवळजवळ निम्म्या भागाचा ध्वनीच उमटलेला नाही! नटमंडळी शेकडो मैल दूर आसामात. त्यांना पुन्हा गोळा करण्याइतका पैसा उरलेला नव्हता. तेव्हा ज्योतिप्रसादांनी पुरुषांचे आणि स्त्रियांचेही संवाद स्वतःच्या आवाजात म्हटले. १० मार्च १९३५ रोजी कलकत्त्यात बेझबरुआंच्या हस्ते ‘जयमती’चे उद्घाटन झाले आणि असमिया चित्रपटाचा जन्म झाला. परंतु बोलपट दाखविण्याची सोय असलेली चित्रगृहे त्या वेळी आसामात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती. मोठी खोट आली. १९३९ साली त्यांनी ‘इंद्रमालती’ हा दुसरा चित्रपट मोठ्या काटकसरीने काढला. त्यात एका लहान मुलाने काम केले व गाणेही म्हटले; तोच मुलगा पुढे भूपेन हजारिका म्हणून साऱ्या भारताला परिचित झाला. तिसरा चित्रपट मात्र ज्योतिप्रसादांच्या हातून झाला नाही. १७ जानेवारी १९५१ रोजी, वयाची पन्नाशी गाठण्यापूर्वीच, ते निवर्तले.

येथवर आपण जे वाचले ते एका माणसाच्या धैर्याचे वर्णन झाले. परंतु कोणत्याही कलाकृतीची किंमत तिच्या निर्मात्यानेच तेवढी मोजलेली नसते, हेही आपण ध्यानात घ्यावे. स्त्रीभूमिका कुलीन घरांतील मुलींनीच कराव्यात, असा ज्योतिप्रसादांचा आग्रह होता. जयमतीच्या भूमिकेसाठी खेड्यातील एक मुलगी मिळाली, आयदेऊ हांडिक. असमिया पडद्यावरील ही पहिली अभिनेत्री. पडद्यावर तिने एका परपुरुषाला पती म्हणून संबोधिले, एवढाच तिचा अपराध! गावाने तिला वाळीत टाकले. तिच्याशी लग्न करावयास कोणी पुढे आले नाही. आयदेऊ आजन्म अविवाहित राहिल्या आणि २००२ साली वृद्धापकाळी वारल्या. निर्मात्याचा पैसा गेला, पण कीर्ती राहिली. या मुलीचे सारे आयुष्यच गेले, आणि सन्मान आला तो फार उशिरा.

चित्रपटाची रिळेही कित्येक वर्षे बेपत्ता होती. पुढे ज्योतिप्रसादांच्या धाकट्या भावाला घरच्या अडगळीत त्यांतील काही सापडली. त्यांच्या आधारे भूपेन हजारिकांनी १९७६ साली माहितीपट केला आणि कालांतराने अल्ताफ मजीद यांनी उरलेल्या भागांची जुळणी केली. आज ‘जयमती’ पाहावयास मिळतो तो असा खंडित स्वरूपात. आसामात मात्र १७ जानेवारी हा दिवस ‘शिल्पी दिवस’ म्हणून पाळला जातो आणि गुवाहाटीतील सरकारी चित्रशाळेला ‘ज्योती चित्रबन’ हेच नाव दिलेले आहे.

स्मारके सरकार उभारील. परंतु कलावंताला वेळेवर हात देणे हे समाजाचे आणि कुटुंबाचे काम आहे. आपण ज्या प्रांतात राहता तेथील भाषेतला एखादा साधा, जाहिरातीवाचून आलेला चित्रपट जवळपास लागला, तर सहकुटुंब अवश्य जावे. आणि उद्या आपल्याच घरातील एखादी मुलगी रंगमंचावर किंवा पडद्यावर उभी राहू इच्छील, तेव्हा शेजारी काय म्हणतील हे विचारण्यापूर्वी आयदेऊची आठवण करावी. जयमतीचे मौन तिच्या स्वतःच्या निश्चयाचे होते. आयदेऊवर ते समाजाने लादले. या दोहोंतील अंतर मुलांना समजावून सांगणे आपल्याच हाती आहे.