कोठा कोणत्या ओळीत लिहायचा?

वनहक्काच्या दाव्याचा नमुना 'क' आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला आहे, अनेकांनी भरलाही आहे. त्यात जमिनीसाठी दोन ओळी आहेत. पहिली राहण्यासाठी ताब्यात असलेल्या जमिनीची, दुसरी स्वतः कसत असलेल्या जमिनीची. या उन्हाळ्यात वणी, मारेगाव अन् झरी-जामणी तालुक्यांतल्या पोडांवर आणि गावांत आम्ही फिरलो, लोकांच्या पेटीतल्या झेरॉक्स काढून पाहिल्या. दुसरी ओळ भरलेली. पहिल्या ओळीत बऱ्याच ठिकाणी नुसती आडवी रेघ. म्हणजे वावर आमचं आहे, पण आम्ही राहतो कुठं? झाडावर?

काहून सोडलं, असं विचारलं तर एक उत्तर मोठ्यानं मिळायचं: "घर तं हायेच, भांडण वावराचं हाये." दुसरं उत्तर हळू आवाजात. "कोठा, ढोरं, बकऱ्या लिवल्या तं सायेब म्हणन, हे जंगल चारते. मंग वावराचाही दावा जाईन." हे फक्त पोडावरचे म्हातारे म्हणतात असं नाही. आपल्या संघटनेतले चांगले शिकलेले कार्यकर्तेही बैठकीत हेच सांगतात. बकरीचं नाव काढू नका, आधी सातबारा पदरात पडू द्या. आम्हाला हे पटत नाही, म्हणून हे लिहितो आहोत.

आपल्याकडच्या कोणत्याही घराचा एक दिवस घ्या. तीन-चार एकर वावर, तेही वनजमिनीवरचं. दोन बैल, एक गावराणी गाय, सहा-सात बकऱ्या, डाल्याखाली कोंबड्या. घर कुडाचं, मातीनं लिपलेलं, अन् त्याला लागून कोठा. कित्येक घरांत मधे भिंत सुद्धा नसते. थंडीत बकरीची पिल्लं चुलीपाशी लेकरांच्या पायाशी निजतात. घर कुठं संपलं अन् कोठा कुठं लागला हे मोजणीदाराला सांगता यायचं नाही, आपल्यालाही येत नाही.

उजाडायच्या आत माय उठते. पहिलं काम कोठ्यातलं. शेण काढायचं, मुतानं ओली झालेली माती खरडायची, टोपलं डोक्यावर घेऊन उकिरड्यावर टाकायचं. त्यातलंच थोडं अंगणात सड्याला, थोड्याच्या गवऱ्या. बैलांपुढं कुटार. गाय पिळली तर तांब्याभर दूध, चहापुरतं. बाहेरून आलेले लोक हसतात, एवढ्याशा दुधासाठी गाय पाळता का म्हणून. पण ती गाय दुधासाठी पाळलेलीच नाही. ती गोऱ्हा देते, गोऱ्ह्याचा बैल होतो, बैल वखर अन् डवरा ओढतो, बंडी ओढतो. दूध हा वरचा हिस्सा.

मग ढोरं आखरावर जातात. गायकी हाकारा देतो अन् घेऊन निघतो. पूर्वी त्याला वर्षाची ज्वारी ठरलेली असे, आता पैसे मागतो, अन् तेही बरोबर आहे, कारण ज्वारी आता आपल्याच घरात नसते. बकऱ्यांमागं म्हातारा किंवा एखादी पोट्टी. लांब काठीला आकडी बांधून बाभळीचा, बोरीचा पाला ओढायचा. याच पोट्टीचं नाव शाळेच्या पटावर असतं, हेही लिहून ठेवलं पाहिजे. बकरीनं घर चालवलं अन् मुलीची शाळा सुटली असं होत असेल तर त्याचाही विचार संघटनेनं करायचा आहे. पोडावर गायकी नेमावा, त्याला ग्रामसभेनं पैसे द्यावे, असं आमच्यातल्या मुलींचं म्हणणं आहे. त्यावर पुढच्या अंकात त्यांनीच लिहावं.

संध्याकाळी मोजणी. एखादी कमी निघाली तर जेवण बाजूला राहते, टॉर्च घेऊन माणसं नाल्याकडं जातात. रात्री कोंबड्यांसाठी मुंगसाची, रानमांजराची भीती, बकऱ्यांसाठी बिबट्याची. पावसाळ्यात लाळ्या-खुरकूत, घटसर्प, कोंबड्यांना मानमोडी. मानमोडी आली की तीन दिवसांत डालं रिकामं. जनावरांचा डॉक्टर दूर, अन् तो येईपर्यंत जनावर थांबत नाही. २०१३ मध्ये तर जूनपासून पाऊस हटलाच नाही. वावरं खरडून गेली हे पेपरात आलं, पण झाकायला ताडपत्री नव्हती म्हणून ज्यांचं कुटार सडलं त्यांचा पंचनामा कोणी केला? कुटाराला नुकसानभरपाईत जागाच नाही.

आता हिशोब. बकरी पाच महिन्यांत विते. चारा नीट मिळाला तर दीड वर्षात दोनदा, अन् बऱ्याचदा दोन-दोन पिल्लं. ती केव्हा विकली जाते? जूनमध्ये बियाण्याच्या वेळी. पोराच्या दाखल्याला, एसटीच्या पासला. बाळंतपणाला वणीला नेताना. कापूस वर्षातून एकदा घरी येतो अन् येतायेताच देणेकऱ्याकडं जातो. बकरी, कोंबडी, अंडी ही अशी कमाई आहे जी लागेल त्या दिवशी हातात पडते. आपल्या जिल्ह्याचं नाव आत्महत्यांमुळं दिल्लीपर्यंत गेलं. कर्जाबद्दल, कापसाच्या भावाबद्दल खूप बोललं गेलं, बोललंच पाहिजे. पण सावकाराच्या दारात जायच्या आधी माणूस कोठ्यात पाहून येतो, विकायला काही आहे का म्हणून, हे कोणत्या अहवालात आलं ते आम्हाला दिसलं नाही.

सरकारला कोठा दिसला, पण कसा दिसला ते पहा. जुलै २००६ मध्ये पंतप्रधान विदर्भात आले अन् सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्यात दुधाळ जनावरं वाटायची योजना होती, अर्ध्या अनुदानावर. संकरित गाय आली. पशुसंवर्धनाची पुस्तिकाच सांगते, अशा दुधाळ गाईला रोज २० ते २५ किलो हिरवा चारा, वर ५-६ किलो सुका चारा, शिवाय ढेप, अन् पाणी ६० लिटरच्या वर. ज्या पोडावर बाया उन्हाळ्यात दोन हंड्यांसाठी झिऱ्यावर बसून राहतात तिथं ही पाहुणी आणून बांधली. उन्हात ती धापा टाकायची. दूध निघालं तरी घेणारं संकलन केंद्र जवळ नाही. आम्ही पाहिलेल्या घरांत ती गाय वर्ष-दोन वर्षांत विकली गेली, अन् आपल्या हिश्शाचं कर्ज मागं उरलं. त्याच पैशात पाच गावराणी बकऱ्या अन् बकऱ्या चारायचा हक्क दिला असता तर? बकऱ्या देणाऱ्या योजना आहेत. चारायचा हक्क देणारी योजना नाही, त्याला कायदा लागतो.

चाऱ्याचं मूळ दुखणं वावरातही आहे, ते झाकून उपयोग नाही. आमच्या आज्याच्या वावरात ज्वारी असे. कणीस माणसाला, कडबा ढोराला. मग ज्वारी हटली, पऱ्हाटी अन् सोयाबीन आलं. २००२ पासून बीटीचं बियाणं आलं अन् धुऱ्यापर्यंत पऱ्हाटीच पऱ्हाटी झाली. पऱ्हाट्या जाळायला होतात, बैल खात नाही. सोयाबीनचं कुटार ढोरं नाइलाजानं खातात. म्हणजे वावरातला चारा आपणच कमी केला (आपण म्हणजे बाजारानं आपल्याकडून) अन् सगळा भार जंगलावर पडला. जंगलात गेलो की तिथं रोपवनाचा खंदक. खाणीकडच्या गावांत तेही नाही. वर्धा नदीच्या अंगानं उकणी, निलजई भागात उघड्या खाणींचे मातीचे डोंगर उभे आहेत, अन् कोळशाच्या गाड्यांची धूळ रस्त्याकडेच्या गवतावर बसलेली असते. ढोर ते गवत हुंगते अन् तोंड फिरवते. ज्याच्या नावे सातबारा त्याला खाणीत गेलेल्या जमिनीचा मोबदला मिळतो. ज्याच्यापाशी फक्त दहा बकऱ्या अन् गायरान होतं त्याला कोणी विचारत नाही.

म्हणून कागदावर यायला पाहिजे, अन् कायद्यात जागा आहे. ती जागा नीट वाचा. वनहक्क कायदा, २००६, कलम ३(१)(घ): चराईचा हक्क हा सामूहिक हक्क म्हणून स्पष्ट लिहिलेला आहे. नमुना 'ख' मध्ये चराईची वेगळी ओळ आहे. ६ सप्टेंबर २०१२ ला नियम सुधारले, त्यात तर असं आलं की कसण्याच्या जमिनीत शेतीला जोडून असलेल्या कामांची जमीनही धरायची: गुरं ठेवण्याची, मळणी-उफणणीची, पाळीनं पडीत ठेवलेली, माल साठवण्याची. गुरं ठेवण्याची जागा! म्हणजे ज्या कोठ्याला लपवा असं आपण सांगतो, तो सरकारनं स्वतः नियमात लिहिला आहे. अन् आपण रेघ मारून येतो.

"बकरी जंगल खाते" हे उत्तर मग कसं द्यायचं? खोटं बोलून देऊ नये. बकरी कोवळा फुटवा खाते, तोडीच्या जागेत सोडली तर नुकसान करते, हे प्रत्येक गायक्याला माहीत आहे. पण कायद्याचं कलम ५ ग्रामसभेला जंगल राखायचा अधिकार अन् जबाबदारी दोन्ही देते. यंदा या बाजूला चराई, ती बाजू तीन वर्षं बंद, असं ग्रामसभेनं ठराव करून ठरवायचं, पाळायचं अन् मोडणाऱ्याला ग्रामसभेनंच दंड करायचा. गडचिरोलीत मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक हक्क मिळाला, तो आधी गावानं स्वतः नियम करून जंगल सांभाळल्यामुळं. शिवाय साहेबाला एवढं विचारायला हरकत नाही की बकरीनं खाल्लेलं झुडूप मिरगात पुन्हा फुटते, खाणीत गेलेलं कोणत्या मिरगात फुटते?

खाणीवरून आठवलं. ३ ऑगस्ट २००९ च्या केंद्राच्या परिपत्रकाप्रमाणं वनजमीन दुसऱ्या कामाला देण्याआधी वनहक्काची प्रक्रिया पूर्ण व्हावी लागे अन् ग्रामसभेची संमती लागे. ओडिशात नियमगिरीच्या डोंगरावर, सुप्रीम कोर्टाच्या १८ एप्रिल २०१३ च्या निकालानंतर, त्याच वर्षी १२ ग्रामसभा झाल्या अन् बाराही गावांनी खाणीला नाही म्हटलं. त्यांनी देव सांगितला, डोंगर सांगितला, झरे अन् चराई सांगितली. आपल्या ग्रामसभेच्या कागदात चराईचा शब्दच नसेल तर उद्या आपण काय गमावतो आहोत ते कोणत्या तोंडानं सांगणार?

आता पुराव्याचं. लोक म्हणतात, कोठ्याचा पुरावा कुठून आणू? अरे, पुरावा वनखात्यानंच दिलेला आहे. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात राखीव जंगलात ढोरं चारणं गुन्हा आहे, अन् कोंडवाड्याचा कायदा तर १८७१ चा. या दोन कायद्यांखाली आपल्या आजे-बापांनी किती दंड भरला! त्याच्या पावत्या पेटीत आहेत, काही उंदरांनी कुरतडलेल्या. त्या पावतीवर नाव आहे, तारीख आहे, कधीकधी जंगलाचा कक्ष क्रमांकही आहे. १३ डिसेंबर २००५ च्या आधी आपण इथं होतो अन् इथंच ढोरं चारत होतो, याचा यापेक्षा चांगला सरकारी कागद कोणता? जी पावती लाजेनं लपवली ती दाव्याला जोडा. ज्याला दंड घेऊनही पावती दिलीच नाही (असे पुष्कळ आहेत) त्याच्यासाठी गावातल्या वडीलधाऱ्याचा लेखी जबाब नियम १३ प्रमाणं चालतो. घर, झोपडी, बांध या दिसणाऱ्या खुणाही चालतात. स्थळ पाहणीला पथक आलं की त्यांना नुसतं वावरात फिरवून परत पाठवू नका. घरी आणा. कोठा दाखवा, दावणीचा झिजलेला खुंटा दाखवा, वर्षानुवर्षं एकाच जागी असलेला उकिरडा दाखवा, खळ्याची जागा दाखवा. पंचनाम्यात ते शब्द आले का ते वाचून घ्या अन् मगच अंगठा द्या.

आणखी एक. कलम ४(४) प्रमाणं हक्कपत्र नवरा-बायको दोघांच्या नावानं निघते. अर्ज भरताना मात्र विचारलं जाते फक्त बाप्याला, अन् तो वावर सांगतो, कारण तो वावराला जातो. कोठा सांगणार बाई, कारण शेण तिच्या डोक्यावर असते. आम्ही जिथं जिथं बाईला शेजारी बसवून अर्ज वाचला तिथं पहिली ओळ आपोआप भरली गेली. एका पोडावर एका आजीनं तर कोंबड्या डालायच्या जागेसुद्धा मोजून दिली, पावलांनी.

ज्यांचे दावे अजून उपविभागीय समितीकडं पडून आहेत त्यांनी राहण्याच्या जागेची ओळ सुटली असल्यास ग्रामसभेचा ठराव घेऊन दुरुस्ती द्यावी. ज्या गावांनी 'ख' भरलाच नाही त्यांच्या वनहक्क समितीनं दिवाळीच्या आत बैठक घ्यावी. ढोरांच्या वाटा, आखर, पाणवठे, उन्हाळ्याची अन् पावसाळ्याची चराई वेगवेगळी, असा नकाशा गायक्यांना पुढं बसवून काढावा, शिकलेल्या पोरांनी फक्त पेन धरावा. दंडाच्या पावत्यांच्या झेरॉक्स वणीच्या बैठकीला आणा. मूळ पावती कोणालाही देऊ नका, आम्हालाही नाही.

जोहार.