नावापुढची दोन अक्षरे

आमचे एक जुने स्नेही ठाण्याला राहतात. त्यांची नात अमेरिकेत डॉक्टर होते आहे. मध्यंतरी त्यांच्याकडे गेलो असता साहजिकच तिची चौकशी केली. 'मेडिकललाच आहे रे,' ते म्हणाले, 'पण एम.डी. नाही. डी.ओ. करते.' त्या 'पण'वर त्यांचा आवाज किंचित खाली आला. चहाचा ट्रे घेऊन आलेल्या वहिनींनी भर घातली, 'हाडवैद्यासारखं काहीतरी असतं म्हणे ते. लोक विचारतात तेव्हा मी आपली नुसती डॉक्टर म्हणून सांगते.'

ही मुलगी शाळेपासून हुशार. तिला अस्थिशल्यविशारद, म्हणजे ज्याला आपण सरसकट ऑर्थोपेडिक सर्जन म्हणतो, ते व्हायचे आहे. एका मोठ्या रुग्णालयात महिनाभर उमेदवारी करण्यासाठी तिने विचारणा केली, तेव्हा 'आम्ही डी.ओ.चे विद्यार्थी घेत नाही' असे एका ओळीचे उत्तर आले. तिचे गुण काय, काम कसे, याची चौकशीही नाही. ठाण्यातला 'पण' आणि अमेरिकेतल्या त्या रुग्णालयातला 'पण', दोन्ही एकाच जातीचे. म्हणून हे डी.ओ. प्रकरण आहे तरी काय, याचा थोडा शोध घेतला. जे हाती लागले ते वैद्यकाइतकेच माणसांच्या स्वभावाविषयीही आहे.

आधी पदव्यांचा घोळ निस्तरू. आपल्याकडे एम.डी. म्हणजे एम.बी.बी.एस.नंतरचे पदव्युत्तर शिक्षण. अमेरिकेत एम.डी. ही डॉक्टरची पहिलीच पदवी, आपल्या एम.बी.बी.एस.च्या जागी असलेली. त्याच पातळीवरची दुसरी पदवी म्हणजे डी.ओ., डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन. आधी महाविद्यालयाची चार वर्षे, मग वैद्यकाची चार वर्षे, हा क्रम दोघांनाही सारखाच. शरीररचना, औषधशास्त्र, शस्त्रक्रिया, बाळंतपण, सगळे तेच. वर हातांनी स्नायू-सांध्यांवर उपचार करण्याचे सुमारे २०० तासांचे शिक्षण डी.ओ.ला अधिक. पन्नासही राज्यांत डी.ओ. औषधे लिहून देतो, ऑपरेशन करतो, अतिदक्षता विभाग सांभाळतो. ब्रिटनमध्ये ज्याला ऑस्टिओपॅथ म्हणतात तो मात्र डॉक्टर नसतो, केवळ हातांनी उपचार करणारा असतो. नाव एक आणि व्यवसाय दोन, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो.

वहिनींचा 'हाडवैद्य' मात्र अगदीच हवेतून आलेला नाही. या पंथाचा मूळपुरुष अँड्र्यू टेलर स्टिल, जन्म १८२८चा. धर्मोपदेशक बापाच्या हाताखाली वैद्यकी शिकला आणि कॅन्ससच्या सरहद्दीवर रोगी पाहू लागला. १८६४च्या वसंतात मेंदूज्वराने त्याच्या घरातली तीन मुले गेली. तेव्हाची औषधे म्हणजे पाऱ्याची भुकटी, अफू आणि दारू. डॉक्टर उशाशी उभे होते आणि मुले डोळ्यांदेखत गेली. या औषधांवरचा त्याचा विश्वास जो उडाला तो कायमचा. शरीराची रचना, विशेषतः हाडांची, नीट असली की शरीर आपले आपण बरे होते, असे तो सांगू लागला. त्याने स्वतः या विचाराचा जन्म १८७४चा धरला. १८९२ साली मिझुरी राज्यातल्या कर्क्सव्हिल या गावी त्याने शाळा काढली आणि पहिल्याच तुकडीत स्त्रियांनाही प्रवेश दिला, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती.

स्टिलचे सगळेच बरोबर होते असे नाही. औषधमात्रावर त्याने जो बहिष्कार टाकला, तो पुढे त्याच्याच शिष्यांना सोडावा लागला. १९१० साली फ्लेक्सनर यांनी अमेरिकेतल्या वैद्यकीय शाळांची झडती घेतली, तिच्यात ऑस्टिओपॅथीच्या शाळांवरही कडक ताशेरे होते, आणि ते रास्त होते. पण झडतीनंतर या शाळा सुधारल्या. औषधशास्त्र अभ्यासक्रमात आले, प्रयोगशाळा आल्या, रुग्णालये उभी राहिली. माणसे बदलली, पण त्यांच्याविषयीचे मत बदलले नाही. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या लेखी हे लोक अनेक वर्षे एक 'पंथ'च होते, आणि त्यांच्याशी आपणहून व्यावसायिक संबंध ठेवणे एम.डी.ला अनैतिक ठरत होते.

दुसऱ्या महायुद्धात लष्कराने डी.ओ.ना वैद्यकीय अधिकारी म्हणून घेतले नाही. हजारो एम.डी. आघाडीवर गेले आणि त्यांचे रोगी मागे राहिलेल्या डी.ओ.कडे जाऊ लागले. 'आमच्या जुन्या डॉक्टरांपेक्षा हे काही वाईट नाहीत' हा शोध अनेक कुटुंबांना तेव्हाच लागला. अपमान म्हणून जे केले त्याने धंदा वाढवून दिला! लष्कराचे दार उघडायला १९६६ साल उजाडावे लागले. व्हिएतनाममध्ये डॉक्टर कमी पडू लागले, तेव्हा संरक्षणमंत्री मॅक्नमारा यांनी डी.ओ.ना घेण्याचा हुकूम काढला. तीस वर्षांनी, १९९६ मध्ये, रोनाल्ड ब्लँक हे डी.ओ. अमेरिकन लष्कराचे सर्जन जनरल झाले.

या सगळ्या इतिहासात माझे मन सर्वांत रमले ते कॅलिफोर्नियात. १९६१ साली तिथल्या एम.डी.च्या आणि डी.ओ.च्या संघटनांनी समेट केला. डी.ओ.नी ६५ डॉलर भरावेत, एम.डी.चे प्रमाणपत्र घ्यावे आणि आपली जुनी दोन अक्षरे टाकून द्यावीत. लॉस एंजलिसमधल्या त्यांच्या महाविद्यालयाने आपले नाव आणि पदवी बदलली. १९६२ साली मतदारांनी नवे डी.ओ. परवाने बंद करण्याला मान्यता दिली. दोन हजारांवर डॉक्टरांनी पैसे भरून प्रमाणपत्र घेतले. परवा जो 'पंथातला' होता तो आज शास्त्रीय डॉक्टर झाला. मधल्या रात्री त्याने एकही पुस्तक वाचले नव्हते.

हेतू हा होता की हळूहळू साऱ्या देशातून ही जमात विरघळून जावी. झाले उलटेच. इतर राज्यांतले आमदार विचारू लागले : ६५ डॉलरांत जर फरक मिटत असेल, तर फरक होता कुठे? डी.ओ.च्या नव्या शाळा निघू लागल्या, मिशिगनमध्ये तर सरकारी विद्यापीठाने शाळा घेतली, आणि १९७३पर्यंत सर्व राज्यांत पूर्ण परवाना मिळाला. १९७४ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ती बंदीही उठवली. आज अमेरिकेत वैद्यक शिकणाऱ्या दर चार विद्यार्थ्यांत एकाहून अधिक डी.ओ.च्या मार्गावर आहे. आपल्या लोकांचाही यात हात आहे. फ्लोरिडातले एक मोठे डी.ओ. महाविद्यालय डॉ. किरण पटेल या भारतीय वंशाच्या हृदयरोगतज्ज्ञाच्या देणगीमुळे त्यांच्या नावाने चालते.

मग ठाण्याच्या नातीची अडचण काय? अडचण पदवीनंतर सुरू होते. आपल्याकडे पदव्युत्तर जागा परीक्षेतल्या क्रमांकावर मिळते. कोणत्या गावच्या कॉलेजातून आलात हे यंत्र विचारत नाही. अमेरिकेत अर्ज, शिफारशी, मुलाखती, आणि मग उमेदवाराने रुग्णालयांची व रुग्णालयाने उमेदवारांची पसंतीची यादी द्यायची. संगणक जुळणी करतो आणि मार्चमधल्या एका शुक्रवारी निकाल लागतो. याला तिकडे 'मॅच' म्हणतात. हे गणित ज्यांनी नव्याने घडवले त्या आल्विन रॉथ यांना २०१२ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले. गणित चोख आहे. पण यादी माणसे करतात, आणि त्याआधी अर्जांची चाळणीही माणसेच लावतात. पाच जागांना शेकडो अर्ज आले की 'डी.ओ. वगळा' अशी एक खूण केली, तरी टेबल बरेच मोकळे होते.

पूर्वी डी.ओ.ची स्वतःची वेगळी प्रशिक्षण-रुग्णालये होती. त्वचारोग, अस्थिशल्य, कान-नाक-घसा अशा चुरशीच्या विषयांत त्यांच्या हक्काच्या काही जागा होत्या. २०१४ साली दोन्ही व्यवस्था एक करण्याचे ठरले आणि २०२०च्या जूनअखेर ते पुरे झाले. एक देश, एक मोजमाप, हे ऐकायला उत्तम आणि तत्त्वतः योग्यही. पण हक्काच्या जागा आता एम.डी.नाही खुल्या झाल्या, आणि समोरच्या बड्या रुग्णालयांची दारे तितक्याच तत्परतेने उघडली असे झाले नाही. २०२२ पासून एम.डी.च्या पहिल्या परवाना परीक्षेत गुण देणे बंद होऊन फक्त उत्तीर्ण-अनुत्तीर्ण उरले. विद्यार्थ्यांवरचा ताण कमी व्हावा हा हेतू चांगला. पण लहान महाविद्यालयातली मुलगी ज्या आकड्याच्या जोरावर 'मला बघा' म्हणू शकत होती, तो आकडा गेला. त्यात डी.ओ.ची परीक्षा वेगळी. अवघड विषय हवा तर ती द्यायचीच आणि एम.डी.चीही द्यायची. दुप्पट फी, दुप्पट जागरणे.

एकूण आकडे पाहिले तर चित्र सुरेख दिसते. २०२४ मध्ये एम.डी.च्या ९३.५ टक्के आणि डी.ओ.च्या ९२.३ टक्के अंतिम वर्षीय विद्यार्थ्यांना जागा मिळाल्या. एका टक्क्याच्या आसपास फरक! पण सरासरी हा प्रकार बँकेतल्या माणसाला सांगू नये. कोणत्या जागा, ते पाहावे लागते. कुटुंबवैद्यक, अंतर्गत वैद्यक, तातडीची सेवा यांत डी.ओ. भरपूर. त्वचारोग, मेंदूची शस्त्रक्रिया, प्लास्टिक सर्जरी यांत मोजके. तरीही ते आहेत, आणि जे पोचले त्यांच्यावाचून कोणाचे अडले नाही असेही नाही. २००४च्या फलुजाच्या लढाईत रिचर्ड जाडिक या नौदलाच्या डॉक्टरने गोळीबाराच्या ऐन टप्प्यात राहून जखमी सैनिकांचे प्राण वाचवले. पुढे तो मूत्रशल्यविशारद झाला. हाही चुरशीचाच विषय. २००६ साली एका जगप्रसिद्ध साप्ताहिकाने त्याला मुखपृष्ठावर घेतले आणि नावापुढे अक्षरे छापली ती एम.डी.! तो डी.ओ. आहे. बदनामी करताना ही दोन अक्षरे सर्वांना आठवतात, सन्मानाच्या वेळी मात्र विसरतात.

बदनामीचे उदाहरण ताजे आहे. २०२०च्या ऑक्टोबरात राष्ट्राध्यक्ष ट्रम्प कोविडने आजारी पडले. त्यांचे डॉक्टर शॉन कॉनली यांनी प्रकृतीविषयी फार गुलाबी चित्र रंगवले. त्याबद्दल टीका व्हायला हवीच होती. पण टीव्हीवर आणि वृत्तपत्रांत चर्चा वळली ती 'हा तर डी.ओ., खरा डॉक्टरच नव्हे' या वळणावर. पुढे बायडन यांचे डॉक्टरही डी.ओ.च निघाले.

आमच्या बँकेतही हे असेच होते. कारकुनीतून परीक्षा देऊन अधिकारी झालेले आणि थेट अधिकारी म्हणून भरती झालेले, दोघांची खुर्ची एक, पगार एक, सही एक. पण परकीय चलन विभागात माणूस पाठवायचा झाला की वरिष्ठांच्या तोंडी यायचे, 'चांगला आहे, पण प्रमोटी आहे.' मी स्वतः थेट भरतीतला. हे वाक्य ऐकून मी गप्प बसलो आहे, एकदा नव्हे, अनेकदा. तेव्हा त्यात काही गैर आहे असे वाटलेही नव्हते. आकसाची गंमत ही की तो असणाऱ्याला आकस वाटतच नाही, अनुभव वाटतो.

डी.ओ.च्या बाजूचेही थोडे हिशेबात धरले पाहिजे. त्यांच्या अनेक महाविद्यालयांना स्वतःचे मोठे रुग्णालय नाही. विद्यार्थी चार गावच्या रुग्णालयांत विखुरलेले असतात. संशोधन करणारे प्राध्यापक थोडे, त्यामुळे विद्यार्थ्याच्या नावावर शोधनिबंध थोडे, आणि त्वचारोगासारख्या विषयात आज निबंधांची चळत मागतात. नव्या शाळा झपाट्याने निघत आहेत, फी जबर आहे. शिवाय कवटीची हाडे बोटांनी हलवून उपचार करण्यासारख्या ज्या गोष्टींना पुरावा नाही, त्या परंपरेच्या मायेपोटी अजून काही जण सोडत नाहीत. स्टिलची औषधबंदी ज्यांनी सोडली त्यांना हेही सोडता यावे. ते जितक्या लवकर सोडतील तितके 'हाडवैद्य' म्हणणाऱ्यांचे तोंड बंद होईल.

पण या साऱ्या त्रुटी एकेका अर्जात तपासता येतात. निबंध किती, हात कसा चालतो, शिफारस कोणाची, हे पाहा आणि खुशाल नाकारा. अर्ज न उघडता नाकारणे ही वेगळी गोष्ट. 'तुम्ही खेड्यापाड्यांत घरचे डॉक्टर व्हा, तिथे तुमची गरज आहे' असेही त्यांना सांगितले जाते. गरज खरीच आहे, आणि अनेक डी.ओ. ती भागवतातही. मात्र खेड्याची काळजी फक्त त्यांनीच वाहायची आणि त्वचारोगाचा दवाखाना दुसऱ्यांनी थाटायचा, ही वाटणी कोणी ठरवली? अमेरिकेतल्या या प्रशिक्षणाच्या जागा बव्हंशी मेडिकेअरच्या, म्हणजे जनतेच्या पैशावर चालतात. म्हणून २०२३ साली त्यांच्या संसदेत एक विधेयक मांडले गेले : ज्या रुग्णालयांना हा पैसा मिळतो त्यांनी एम.डी. आणि डी.ओ. किती आले, किती घेतले, ते दरवर्षी जाहीर करावे आणि डी.ओ.ची परीक्षाही ग्राह्य धरावी. त्या संसदेत त्याचा कायदा झाला नाही. मागणी काही जागा राखून ठेवण्याची नाही, हिशेब उघडा ठेवण्याची आहे. ज्याने आयुष्यभर लेखापरीक्षकांना तोंड दिले त्याला यात वावगे काही दिसत नाही.

ठाण्याची नात आता शेवटच्या वर्षात जाईल. येत्या सप्टेंबरात तिचे अर्ज जातील. दोन्ही परीक्षा तिने दिल्या आहेत. ज्या रुग्णालयाने एका ओळीत नकार दिला, त्याच्याच शहरातल्या दुसऱ्या रुग्णालयात तिला महिनाभर काम मिळाले. तिथल्या एका सर्जनने शिफारसपत्र द्यायचे कबूल केले आहे. परवा तिच्या आजोबांचा फोन आला होता. निकाल मार्चमधल्या नेमक्या कोणत्या तारखेला आणि आपल्याकडे तेव्हा किती वाजलेले असतील, ते विचारत होते.