दोन किल्ल्या, दोन ब्रेक



बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात व त्या दोन अधिकाऱ्यांकडे राहतात. एकटा कितीही प्रामाणिक असला तरी त्याच्या हाताने तिजोरी उघडत नाही. या नियमामागे अविश्वास नाही. माणूस विसरतो, एवढेच त्यात मान्य केलेले आहे. नोकरीची ३५ वर्षे मी हा नियम पाळला आणि निवृत्तीनंतर नातवाच्या सायकलीपाशी नेमका विसरलो.

गेल्या मार्गशीर्षात आम्ही भोरला बहिणीकडे गेलो होतो. नातवाला मांढरदेवीचा घाट सायकलीने चढावयाचा होता. त्याची रेसिंग सायकल मोटारीत मावेना, म्हणून दोन्ही चाके मी काढली आणि भोरला पोहोचल्यावर मीच बसवली. दुसऱ्या दिवशी पहाटे तो आंबवड्यावरून घाट चढून गेला. चढताना ब्रेकचे काम पडत नाही. उतरताना मात्र पहिल्याच अवघड वळणाआधी त्याने मागचा ब्रेक दाबला आणि लिव्हर थेट हँडलला टेकली. पुढचा ब्रेक लागला, पण अर्धवट. मुलाने शहाणपण केले. वेग वाढण्यापूर्वीच कशीबशी सायकल थांबवली आणि उरलेला घाट तो पायी उतरला. आंबवड्यातून त्याचा फोन आला : "आजोबा, चाक बसवताना तुमच्याकडून काही राहिले का?"

भाच्याच्या टेम्पोतून मी तेथे पोहोचलो. संस्थानकाळातल्या त्या झुलत्या पुलाजवळ तो बसला होता. सायकल पाहताच माझी मान खाली गेली. चाक सहज निघावे म्हणून ब्रेकच्या कॅलिपरवर दोन्ही रबरे दूर करणारी एक छोटी कळ असते. मागच्या ब्रेकची ती कळ मी उघडली होती, मिटली नव्हती. बोटाने ती फिरवताच ब्रेक पूर्ववत झाला. पुढच्या ब्रेकची रबरे तर इतकी झिजली होती की त्यांवरील खाचा दिसेनाशा झाल्या होत्या. एक किल्ली माझ्या विसरण्याने गेली होती, दुसरी आम्हा दोघांच्या आळसाने. नातू मला एका शब्दानेही बोलला नाही. तेच मला अधिक लागले.

त्यानंतर हे काम मी रीतसर शिकून घेतले. ते अवघड नाही. ४ व ५ मिलिमीटरचे षटकोनी पाने, स्वच्छ फडके आणि अर्ध्या तासाची सवड पुरते.

प्रथम रबरे पाहावीत. खाचा संपत आल्या असतील तर जोडी बदलावी. रबरात खडीचे वा धातूचे कण रुतले असल्यास टोकदार सुईने काढावेत, अन्यथा ते रिम कुरतडतात. रिम स्वच्छ पुसावी. साखळीला घातलेल्या तेलाचा थेंबही तिच्यावर राहू देऊ नये. त्यानंतर रबराची जागा. दाबल्यावर ते संपूर्णपणे रिमच्या कडेवरच बसले पाहिजे. वर सरकले तर टायर कापते, खाली सरकले तर पकड जाते. ब्रेक किंचाळत असेल तर रबराचे पुढचे टोक रिमकडे अर्धा ते एक मिलिमीटर झुकते ठेवावे.

मग तार. तिचा एक जरी पदर तुटलेला दिसला तरी ती बदलावी. तिथे काटकसर नको. तार बांधताना कॅलिपरची कळ मिटलेली असावी आणि तारेच्या तोंडाशी असलेला गोल फिरता स्क्रू आत घेतलेला असावा. रबरे रिमपासून जेमतेम सुटी राहतील इतके कॅलिपर एका हाताने दाबून धरावे, दुसऱ्या हाताने तार ओढून बोल्ट आवळावा. बारीक फरक त्या गोल स्क्रूने साधतो : डावीकडे फिरवला की तार ताणली जाते व रबरे जवळ येतात. दोन्ही बाजूंना दीड ते दोन मिलिमीटर अंतर समान असावे. एक रबर सतत घासत असेल तर कॅलिपरवरील लहान स्क्रूने तोल साधावा, तराजूचा काटा मध्यावर आणतो तसा.

शेवटी परीक्षा. लिव्हर दहा वेळा जोराने दाबावी. नवी तार थोडी ढिली पडते, ती पुन्हा ताणावी. पूर्ण दाबल्यावरही लिव्हर हँडलला टेकता कामा नये. पुढचा ब्रेक धरून सायकल पुढे ढकलली तर मागचे चाक उचलले पाहिजे. मागचा धरून ढकलली तर मागचे चाक फरफटले पाहिजे. हे दोन्ही झाल्यावाचून रस्त्यावर जाऊ नये. हे सारे रिम ब्रेकविषयी झाले. डिस्क ब्रेकची रीत निराळी. त्याच्या चकतीला तेलकट बोटही लागू देऊ नये.

ब्रेक दाबताच भार पुढच्या चाकाकडे सरकतो, म्हणून थांबवण्याचे मोठे काम पुढचा ब्रेक करतो. घाटात मात्र वेग वळणाआधी कमी करावा आणि ब्रेक सतत घासत ठेवू नये. त्याने रिम तापते.

दुकानातला वजनकाटा आपण मुदतीत तपासून घेतो. गिऱ्हाइकाचे चार दाणे कमी जाऊ नयेत ही आपली काळजी असते. मग घरचे मूल ज्या तारेच्या भरवशावर घाट उतरते, ती तार तपासण्यास आपल्याला सवड का नसावी?

आमच्या घरी आता नियम झाला आहे. चाक मी बसवले तर ब्रेक नातू दाबून पाहतो, त्याने बसवले तर मी पाहतो. परवा माझ्या जुन्या सायकलीची तपासणी करून त्याने मागची तार नापास केली. मी मुकाट्याने नवी आणली.