लग्नाचीं छायाचित्रें आणि नवा कॅमेरा
शहादे तालुक्यांतील ब्राह्मणपुरीसारख्या गांवीं लग्नाचीं छायाचित्रें काढणाऱ्या तरुणानें नवा कॅमेरा घेतांना प्रथम काय पाहावें? आमच्या मतें, कार्डांकरितां खांचा दोन आहेत कीं नाहींत, हें. निकॉनच्या २०१८ सालच्या झेड ६ मध्यें खांच एकच होती. २०२० च्या झेड ६ टूमध्यें त्या दोन झाल्या. तशी योजना आधीं लावून ठेविली म्हणजे प्रत्येक चित्र दोन्ही कार्डांवर उमटतें. एक बिघडलें तरी दुसरें शाबूत राहतें. नुसते चित्रबिंदू वाढल्यानें घरच्या आल्बमास फारसा लाभ नाहीं. कॅमेरा पुन्हां घेतां येतो. अंतरपाट पुन्हां धरतां येत नाहीं, आणि आज अक्षता टाकणाऱ्या आजीबाई पुढच्या कार्यास असतीलच असें नाहीं. यजमानांनींही दर ठरवितांना एवढें अवश्य विचारावें.