माद्रिदच्या बाजारात भेटली वजडी

मागचे दोन अंक आमचे सदर दिसले नाही म्हणून काहींनी आपुलकीने विचारणा केली. कारण सांगतो. आमचा भाचा स्पेन देशाची राजधानी माद्रिद येथे नोकरीला आहे. "मामा, मामीला घेऊन एकदा या, तिकिटाचे मी बघतो," असा त्याचा दोन वर्षे तगादा होता. अखेर कचेरीतून रजा मंजूर झाली आणि आम्ही व आमच्या सहचारिणी असे दोघे बारा दिवस तिकडे जाऊन आलो. प्रवासवर्णन लिहिण्याइतके आम्ही मोठे लेखक नव्हे. राजवाडा पाहिला, चित्रांचे संग्रहालय पाहिले, पाय दुखेपर्यंत हिंडलो. पण मन अडकले ते तिथल्या भाजी-मटणाच्या बाजारात. ही हकीगत माद्रिदची असली तरी तुमच्या-आमच्या चुलीपर्यंत येऊन पोचते, म्हणून लिहितो.

ला लातिना नावाचे मेट्रोचे स्थानक आहे. तिथून बाहेर पडले की जवळच 'मेर्कादो दे ला सेबादा' हा बाजार लागतो. मेर्कादो म्हणजे बाजार आणि सेबादा म्हणजे जव. जुन्या काळी त्या चौकात जवाचा व्यवहार होई, त्यावरून हे नाव पडले. १८७५ मध्ये इथे लोखंडी खांबांचा मोठा बाजार उघडला. आपले मुंबईचे क्रॉफर्ड मार्केट १८६९ चे, म्हणजे दोन्ही एकाच पिढीतली. आपले अजून उभे आहे. त्यांचे १९५६ मध्ये पाडले आणि त्या जागी आजची घुमटांची इमारत आली. याहून देखणा असा 'सान मिगेल' नावाचा १९१६ चा लोखंडी बाजार थोड्या अंतरावर आहे. तो २००९ मध्ये नव्याने सजवून उघडला. पण भाचा म्हणाला, "मामा, तिथे पाहुणे मंडळी जातात. इथे शेजारपाजारच्या बायका पिशवी घेऊन येतात. तुम्हाला इथेच करमेल." ते अगदी खरे निघाले.

दिवस शनिवारचा, त्यामुळे गर्दी होती. एक गोष्ट पाहून आम्ही थक्क झालो. मटणाच्या दुकानापुढे आठ-दहा माणसे, पण रांग कुठेच नाही. कोणी भिंतीला टेकलेले, कोणी गप्पा मारत उभे. आम्हांस वाटले, आता रेटारेटी होणार. तेवढ्यात एक आजीबाई आल्या आणि त्यांनी मोठ्याने विचारले, "एल उल्तिमो?" म्हणजे, शेवटचा कोण? एका तरुणाने हात वर केला. झाले. आजीबाईंनी त्याला लक्षात ठेवले, त्याच्यामागे आपला नंबर. पुढे कोट-टाय घातलेले एक गृहस्थ आले, त्यांनीही तोच प्रश्न विचारला आणि आजीबाईंच्या मागचा नंबर घेतला. आपल्या चाळीच्या नळावर हंडे ठेवून नंबर लावतात, इथे हंडाही नाही, नुसता शब्द. आणि त्या शब्दाला साहेब आणि शिपाई असा भेद नाही.

आता खाण्याकडे वळू. आम्ही पडलो कारकून आणि बी.कॉम. झालेले, त्यामुळे प्रत्येक भावाला मनात शंभराने गुणत होतो, कारण एका युरोला शंभराच्या आसपास रुपये पडतात. सहचारिणी म्हणाल्या, "अहो, गुणाकार थांबवा आणि खा." मग खाल्ले. पहिल्याने ऑलिव्हची फळे, मिठाच्या पाण्यात मुरवलेली. हिरवी, काळी, लसणाची, मिरचीची, अशी पिंपेच्या पिंपे भरून होती. चव कैरीच्या खारातल्या फोडीसारखी, पण थोडी कडसर. मग 'बोकेरोनेस', म्हणजे आपल्या मांदेलीच्या कुळातला छोटा मासा. तो काटा काढून व्हिनेगरमध्ये मुरवतात आणि वर लसूण व तेल घालून तसाच खातात. चूल नाही की तवा नाही. आम्ही डोळे मिटून पहिला तुकडा घेतला, दुसरा डोळे उघडे ठेवून घेतला.

पुढच्या दुकानात वाळवलेले, मिठाने पांढरे पडलेले मोठमोठे मासे टांगले होते. तो 'बाकालाव', म्हणजे खारवलेला कॉड मासा. घरी नेल्यावर तो एक-दोन दिवस पाण्यात ठेवायचा, पाणी अनेकदा बदलायचे, तेव्हा मीठ उतरते. ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या दिवसांत मांस वर्ज्य असते, तेव्हा हा मासा, काबुली चणे आणि पालक यांचे कालवण तिथे घरोघर होते. काबुली चणे तर दुकानात भिजवलेलेही मिळतात. नोकरी करणाऱ्या बाईला रात्री आठवण ठेवून भिजत घालायला नको! ही सोय आमच्या सहचारिणींना फार आवडली. बटाट्याचे जाड आम्लेट खाल्ले. त्याला ते 'तोर्तिया' म्हणतात. त्यात कांदा घालावा की नाही यावरून घराघरात वाद होतात असे भाचा म्हणाला. बटाटा, टोमॅटो आणि मिरची या तिन्ही वस्तू मूळच्या अमेरिका खंडातल्या. १४९२ मध्ये कोलंबस स्पेनच्या राणीच्या मदतीने निघाला, त्यानंतर त्या युरोपात आल्या. पोर्तुगीजांच्या जहाजांतून त्या आपल्या किनाऱ्याला लागल्या आणि बटाटा हा शब्दही पोर्तुगीजांकडूनच आपल्याकडे आला. ज्या मिरचीवाचून आपली भाकरी घशाखाली उतरत नाही ती पोर्तुगीज येण्याआधी या देशात नव्हतीच, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

या बाजारात डुकराच्या खारवलेल्या तंगड्या छताला ओळीने टांगलेल्या असतात. त्याला 'हामोन' म्हणतात. महिनोन् महिने, काही तर तीन वर्षांपर्यंत वाळवतात आणि कागदासारखे पातळ काप काढून देतात. चव उत्तम. पण त्या तंगडीमागे एक काळा इतिहासही आहे. त्याच १४९२ साली तिथल्या राजा-राणीने ज्यू लोकांना ख्रिस्ती व्हा नाहीतर देश सोडा असे फर्मावले. जे धर्म बदलून राहिले त्यांच्यावर धर्मन्यायालयाची नजर असे. कोण डुकराचे मांस खात नाही, हे शेजारी पाहत आणि त्यावरून संशय घेत. पुढे मुसलमानांतून ख्रिस्ती झालेल्यांच्याही वाट्याला तेच आले. माणसाच्या ताटात डोकावून त्याची लायकी ठरवण्याचा रोग फक्त आपल्या देशातला नाही, हे आम्हांस त्या दुकानापुढे कळले.

आणि मग कोपऱ्यावरचे दुकान आले. पाटीवर लिहिले होते, 'कास्केरिया'. काचेमागे पांढरेशुभ्र काहीतरी, जाळीदार, मधाच्या पोळ्यासारखे. आम्ही पाहतच राहिलो. सहचारिणींनी आमचा हात धरला आणि म्हणाल्या, "अहो, ही तर वजडी!" वजडीच होती ती, बैलाची. शेजारी काळीज, गुर्दे, भेजा, जीभ, पाय हे सगळे स्वच्छ थाळ्यांत मांडलेले, वर भावाच्या चिठ्ठ्या. एका थाळीत शिजवून घट्ट केलेल्या रक्ताच्या वड्या होत्या. त्या कांद्यावर परततात. आमच्या घरी रक्ती अशीच कांद्यावर परतत. कास्केरिया म्हणजे फक्त याच वस्तूंचे दुकान. ते कुठे मागच्या गल्लीत लपवलेले नव्हते, फळवाला आणि पाववाला यांच्या मधोमध होते.

दुकानदारीण पन्नाशीची, पांढरा एप्रन घातलेली होती. भाच्याला मध्ये घालून आमच्या सहचारिणींनी विचारले, "तुम्ही ही साफ कशी करता?" ती म्हणाली, "मीठ आणि व्हिनेगर, आणि भरपूर पाणी." या म्हणाल्या, "आम्ही चुना लावतो आणि कढत पाण्यात घालून सुरीने खरवडतो." त्या बाईने मान डोलावली. दोघी मग दहा मिनिटे हातवाऱ्यांनीच बोलत होत्या आणि भाच्याचे काम संपले होते.

बाजाराच्याच एका टोकाला खानावळ होती. तिथे आम्ही 'कायोस' मागवले. माद्रिद शहराच्या नावाने ओळखला जाणारा हा पदार्थ म्हणजे वजडीचा रस्सा. त्यात पायाचे तुकडे, मसाला भरलेले डुकराच्या मांसाचे व रक्ताचे सॉसेज, कांदा, लसूण, तमालपत्र आणि धुराची लाल मिरचीपूड. ही मिरची ला वेरा नावाच्या मुलखात ओकच्या लाकडाच्या धुरावर सुमारे दोन आठवडे वाळवतात, म्हणून रश्श्याला चुलीवरच्या स्वयंपाकाचा वास येतो. मातीच्या वाडग्यात, वाफा येत, पावाबरोबर वाढतात. तिखट आपल्याहून कमी. पायांमुळे रस्सा इतका चिकट की ओठाला ओठ लागतो. आमच्या बाजूला मघाचे कोट-टायवाले गृहस्थ तेच खात होते आणि पावाने वाडगा पुसून घेत होते. आम्ही दोघेही काही न बोलता जेवलो.

जेवून भाच्याने आम्हांस जवळच्या एका उतारावर नेले. रस्त्याचे नाव 'रिबेरा दे कुर्तिदोरेस', म्हणजे चामडे कमावणाऱ्यांचा काठ. जवळच पूर्वी शहराचा कत्तलखाना होता. दर रविवारी तिथे जुन्यापान्या वस्तूंचा बाजार भरतो, त्याचे नाव 'एल रास्त्रो'. रास्त्रो म्हणजे माग. मारलेली जनावरे ओढत नेताना उतारावर रक्ताचा माग उमटे, त्यावरून ते नाव पडले असे सांगतात. आतडी-वजडी खाणारी गरीब वस्ती इथलीच. कोकराची आतडी तळून पावात घालून खाण्याची चाल या भागात अजून आहे. चामडे कमावणे हा धंदा त्या देशातही हलका समजत. शेवटी राजा तिसरा कार्लोस याने १८ मार्च १७८३ रोजी फर्मान काढले की चांभार, लोहार, शिंपी, चामडे कमावणारे यांचे धंदे प्रतिष्ठेचे आहेत आणि ते केल्याने माणसाला वा घराण्याला कमीपणा येत नाही. फर्मानाने मने एका दिवसात बदलत नाहीत, हे कलम १७ च्या देशात राहणाऱ्या आम्हांस कोणी सांगायला नको. पण आज त्या वस्तीचे खाणे शहराच्या नावाने मिरवते, हेही खरे.

त्या उतारावर उभे असताना आम्हांस आमच्या कालकथित आईची आठवण झाली. आता मनातले सांगतो. नोकरीला लागून वर्ष झाले असेल. एका रविवारी कचेरीतले दोन सहकारी न सांगता घरी आले. आईने सकाळपासून मोरीत बसून वजडी साफ करून शिजवली होती. आम्ही घाईने पातेले झाकून खाटेखाली सरकवले, दोन उदबत्त्या लावल्या आणि आईला म्हणालो, "तू आत बस." पाहुणे चहा-बिस्किटे घेऊन गेले. रात्री आई एवढेच म्हणाली, "पातेलं लपवलंस ते लपवलंस, मला कशाला लपवलंस?" त्या प्रश्नाचे उत्तर आम्ही दिले नाही आणि आता द्यायला आई नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस खाणे आणि शिळे तुकडे मागणे सोडा, असे आपल्या लोकांना सांगितले. आमच्या आजोबांनी ते सोडले ते कायमचे. ते अन्न गुलामीबरोबर आलेले होते. पण स्वतःच्या पगाराच्या पैशाने, बाजारातून विकत आणलेली, हाताने साफ केलेली वजडी ही गुलामी नव्हे. ती कष्टकऱ्याची कला आहे. आम्ही मात्र दोन्ही गोष्टी एकाच पातेल्यात घालून झाकण लावून टाकले. शाहू पाटोळे यांनी २०१५ मध्ये 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांग घरांतले हे खाणे उघडपणे लिहून काढले. जे ते करू शकले ते आम्हांस आपल्या दोन खोल्यांतही करता आले नव्हते.

कोणी वजडी खावीच असे आमचे म्हणणे नाही. कोणी शाकाहारी असेल, कोणाला ती आवडत नसेल, तो ज्याचा त्याचा प्रश्न. आमचे म्हणणे लपवण्यापुरते आहे. मुले घरात जे झाकलेले पाहतात त्याचीच लाज बाळगायला शिकतात. आईने वा आजीने चार तास खपून केलेल्या वस्तूचे नाव मुलाला शाळेत घेता येत नसेल, तर ती मुलाची चूक नव्हे.

परत आल्यावर दुसऱ्या रविवारी आम्ही वजडी आणली. सहचारिणींनी चुना लावला आणि मुलीने पहिल्यांदाच सुरीने खरवडायला बसून मदत केली. कचेरीतल्या एका सहकाऱ्याला आधी फोन करून जेवायला बोलावले आणि घरी काय शिजते आहे ते नाव घेऊन सांगितले. ते आले. त्यांनी वजडी घेतली नाही, भाकरी आणि वांग्याची भाजी घेतली. पण शेजारी बसून आमचे जेवण होईपर्यंत गप्पा मारल्या आणि जाताना मुलीला विचारून गेले की ही साफ करायला किती वेळ लागतो. मुलीने सगळे नीट सांगितले. पातेले ओट्यावर होते आणि त्यावर झाकण नव्हते.

जयभीम.