हक्कच नाही, तर सही कशाला?

गेल्या श्रावणात इंदिरानगरमधली आमची महिला मंडळाची बैठक आटोपली आणि एक बाई मागे रेंगाळली. पन्नाशीला टेकलेली, चार घरची धुणीभांडी करणारी. म्हणाली, "ताई, भावानं राखीला बोलावलंय. येताना आधार कार्ड आण, दोन फोटो आण म्हणतो. कसली तरी सही करायचीय. करू का?"

सिन्नर तालुक्यात वडिलांची चार एकर जमीन. वडील २००३ साली वारले. वाटणी कधी झालीच नाही. आता जमिनीला भाव आला, तशी भावाला बहिणीची आठवण झाली.

मी काय केले? घड्याळ पाहिले. आमच्या सल्ला केंद्राच्या नोंदवहीत रकाने ठरलेले आहेत : मारहाण, हुंडा, नवऱ्याने टाकणे, दारू. तिचा प्रश्न एकाही रकान्यात बसेना. मी म्हटले, "मावशी, हा जमिनीचा मामला. एखाद्या वकिलाला विचारा." तिच्या ओळखीचा वकील कुठून असणार? ती भावाच्याच वकिलाकडे गेली. त्याने सांगितले, "कायदा बदलला २००५ साली. तुमचे वडील त्याआधीच गेले. तुमचा हक्क नाही. सही म्हणजे नुसती औपचारिकता." दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात तिने हक्कसोडपत्रावर सही केली. बदल्यात एक साडी आणि परतीचे एसटीचे भाडे.

मैत्रिणींनो, हक्कच नव्हता, तर तो सोडायला सही कशाला लागली? हा एक प्रश्न त्या संध्याकाळी मी तिच्या हातात दिला असता तरी पुरे होते. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतलेली मी, एवढी वर्षे वस्तीत काम करते आणि मला तो सुचला नाही. सुचला नाही, कारण 'हे आपले काम नव्हे' असे मी आधीच ठरवून टाकले होते.

खरे काय ते आता लिहिते. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यापासून वडिलांच्या मागे मुलगी वारस आहेच. महाराष्ट्राने १९९४ साली, त्या वेळी लग्न न झालेल्या मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः वाटा दिला. ९ सप्टेंबर २००५ पासून तो सर्व मुलींना मिळाला, लग्न झालेले असो वा नसो. आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट सांगितले की, त्या तारखेला वडील हयात असण्याची गरज नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर वाटणी झालेली नसेल, तर मुलीचा वाटा उभा आहे. म्हणजे त्या बाईला सांगितलेले सपशेल खोटे होते. आता ते हक्कसोडपत्र रद्द करायचे तर दिवाणी दावा लावायचा, तोही फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांच्या आत. 'थांबा, सही करू नका' हे तीन-चार शब्द मी वेळेवर बोलले असते, तर हे सारे टळले असते.

सल्ला देणारे पुष्कळ

बाईला सल्ला मिळत नाही, असे अजिबात नाही. तिला सल्ला देणाऱ्यांची रांग लागलेली असते. जमिनीबद्दल भाऊ सांगतो, डिपॉझिटबद्दल घरमालक सांगतो, पगाराबद्दल मालकीण सांगते, नवऱ्याबद्दल सासरचे पंच सांगतात. ज्याच्याशी तंटा, तोच तिचा कायदेपंडित! असा सल्ला कुणाच्या फायद्याचा असणार?

घरमालक म्हणतो, "करार कुठंय तुमच्याकडे? मग डिपॉझिट विसरा." महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याचे कलम ५५ नेमके उलटे सांगते. करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची. तो नोंदवला नसेल, तर अटींबद्दल भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरायचे, घरमालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. हे आमच्या वस्तीतल्या किती भाडेकरू बायकांना माहीत आहे?

स्टॅम्प पेपरवरच्या फारकतीचे तेच. पूर्वी शंभराचा कागद, २०२४ पासून पाचशेचा. नोटरीचा शिक्का बसला की घरच्यांना वाटते, सुटलो. हिंदू विवाह कायद्याखालचा घटस्फोट न्यायालयाच्या हुकूमनाम्यानेच होतो. सिद्ध करता येणारी जातीची रूढी असेल तेवढाच अपवाद. पण त्या कागदात 'पोटगी मागणार नाही' असे एक वाक्य असते आणि बाई वर्षानुवर्षे त्या वाक्याला भिऊन गप्प बसते.

समजूत म्हणजे सल्ला नव्हे

आणि आपण काय करतो? समजूत घालतो. "भावाशी वाकडं घेऊ नका, माहेर तुटेल." "पोलिसांत गेलात तर संसार मोडेल." त्याला आपण समुपदेशन म्हणतो. माहेर तुटेल की नाही याचा निर्णय तिने घ्यायचा आहे. पण आपला वाटा किती हे कळल्यावर घ्यायचा आहे. काहीजणी सारे कळूनही सही करतील. भावाचे प्रेम त्यांना जमिनीपेक्षा मोठे वाटेल. करू द्या. ती सही तिची असेल. न कळता केलेली सही तिची नसते, ती तिच्याकडून काढून घेतलेली असते.

"अर्धवट ज्ञान धोक्याचे, आपण वकील नाही," असे मैत्रिणी म्हणतात. न्यायालयात उभे राहणे वकिलाचे काम, ते आपण करू नये, हे मान्य. पण कायद्यात काय लिहिले आहे ते वाचून दाखवायला सनद लागत नाही. खुद्द विधी सेवा प्राधिकरणे वकील नसलेल्या माणसांना प्रशिक्षण देऊन विधी स्वयंसेवक नेमतात. मग आपणच का मागे सरायचे? १९८४ साली मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात टाटा समाजविज्ञान संस्थेने महिलांसाठी विशेष कक्ष उघडला, तेव्हा तिथे समाजकार्यकर्त्याच बसल्या. त्याही वकील नव्हत्या.

हक्क आहे, पण कुठे?

विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा. तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाला. त्याच्या कलम १२ प्रमाणे प्रत्येक स्त्रीला मोफत विधी सेवा मिळते. तिचे उत्पन्न किती हे विचारायचे नाही. महाराष्ट्र शासनाने १ ऑक्टोबर १९९४ पासून पोटगी, घटस्फोट, हिंसाचार यांच्या दाव्यांत स्त्रियांना कोर्ट फी माफ केली. हे दान नाही, कायदा आहे.

पण तो बसतो कुठे? जिल्हा न्यायालयाच्या आवारात, कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेत. इंदिरानगरच्या बाईने सीबीएसपर्यंत जायचे म्हणजे चार घरचा खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. नुसते 'सही करू का?' एवढे विचारायला कोण जाईल? भांडण कोर्टात पोचल्यावर वकील देणारी व्यवस्था आहे. भांडण उंबऱ्याशी असताना उत्तर देणारी हवी आहे.

म्हणून मागणी अशी : प्रत्येक वस्तीत आठवड्यातून एका संध्याकाळी, समाजमंदिरात किंवा अंगणवाडीत, प्रशिक्षित विधी स्वयंसेविका बसावी. शक्यतो वस्तीतलीच बाई असावी. तिने दिलेले उत्तर सोप्या मराठीत, लेखी, तारखेसह मिळावे.

आणि सरकार देईल तेव्हा देईल. आपल्या केंद्रांनी उद्यापासून चार गोष्टी कराव्यात. नोंदवहीत 'सही / कागद' असा रकाना घालावा. कागद वाचून दाखवल्याशिवाय बाईला परत पाठवू नये. मुदत किती ते सांगावे. आणि आपल्याला येत नसेल तर नुसते 'वकील गाठा' न म्हणता १५१०० हा विधी सेवेचा क्रमांक स्वतः लावून द्यावा, नाहीतर बरोबर जावे.

मारहाण झाल्यावर आपण धावून जातो, ते बरोबरच. पण ज्या बाईच्या नावावर घर नाही, जमीन नाही, हातात एक कागद नाही, तीच मार खाऊन त्याच घरात परत जाते. हक्कसोडपत्राचा आणि त्या माराचा संबंध नाही, असे कोण म्हणेल?

त्या मावशींना मी महिन्यापूर्वी सगळे सांगितले. माझी चूकही सांगितली. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे होता माझा वाटा." दावा लावायचा की नाही, ते अजून ठरायचे आहे, ठरवणार त्याच. येत्या सोमवारी आम्ही दोघी विधी सेवा प्राधिकरणात जाणार आहोत. त्या दिवशी त्यांचा खाडा पडेल. माझाही पडेल.

तुमच्या भागात बायका सही करण्याआधी कुणाला विचारतात? जरूर लिहून कळवा.